एक वाटी मीठ, अकरा वाट्या पाणी

— फाईल ठेवा हो बाजूला, ती काही पळून जात नाही. मीही नाही जात, या अबूधाबीच्या टोकाच्या लिव्याच्या वाळूतून पळून मी जाणार कुठं, पलीकडं सौदी. बसा. खुर्चीचा पाय मोडलाय, त्या खाटेवर बसा. गादी जरा करकरते, लक्ष देऊ नका, मीच शिवलीय, शिवणकामातही आमची तीच प्रगती. तर तुमचं काम मला एकदा सांगितलंत तेवढ्यातच कळलं. अहमद अरबाबला, म्हणजे मालकाला, या मझऱ्यात, या शेतावर, पुन्हा बटाटा लावायचाय. तुम्ही पुण्याहून शेतीची डिग्री घेऊन आलेले नवीन साहेब. आपल्या सातगाव पठारच्या मुरलीधरनं परत यायचं म्हणून ऑफिसात अर्ज टाकलाय, आणि फाईलीत त्याच्या नावापुढं लाल शेरा आहे — चुकीचं खत घालून पीक घालवलं. म्हणून तुम्ही विचारायला आलात, की कावेरीबाई, तुम्ही तेव्हा इथंच होतात, हे खरं का? मी हो म्हटलं की त्याचा व्हिसा खलास. नाही म्हटलं की तो येणार. एवढंच ना? मग सांगते की. त्यात काय एवढं. आधी ते तुमच्या पिशवीतले बटाटे द्या इकडं. अरबाबला दाखवायला तुमच्या त्या नमुन्याच्या वाफ्यातून काढलेत ना? द्या तर.

काय बघताय? बादली आहे. मिठाचं पाणी आहे. एक वाटी मीठ, अकरा वाट्या पाणी, मीठ पार विरेपर्यंत हलवायचं आणि बटाटा अलगद सोडायचा. बुडला तर पिठाचा, तरंगला तर पाण्याचा. आमचे हे, तुकाराम, म्हणतात बाईला खूळ लागलंय, बाजारातून पाच बटाटे आणले तरी त्यांना आंघोळ घातल्याशिवाय भाजी करत नाही. घालते. हा बघा तुमचा पहिला — बुडला. शाबास. दुसरा — वर आला. तिसरा — हाही वरच. दिसायला मात्र कसला देखणा हो, नुसता पहिलवान. चौथा वर, पाचवा वर. सहावा बुडतोय… बुडला. सहात दोन. युरिया कधी सोडलात? उशिरा सोडलात ना? खाली बघितलंत म्हणजे सोडलात. अहो, लाजू नका. मी तुम्हाला हसत नाहीये, मी मला हसतेय. तुम्ही निदान डिग्री घेऊन चुकलात. मी चौथी पास, त्यात चौथी दोनदा केली — आणि तरी मला वाटायचं, खताचं मला कोण शिकवणार?

पण मी चुकले असं कुठं म्हटलं मी? एक बोलण्याची रीत असते. चहात साखर किती?

मी काही शेतावरची बाई नव्हे, हे आधी लिहून घ्या. मी स्वैपाकाची. दुबईत डिस्कव्हरी गार्डन्समध्ये चार घरं होती माझ्याकडं, सगळी आपली पुण्यामुंबईची. पोळ्या, दोन भाज्या, गुरुवारी साबुदाण्याची खिचडी. पोरांशी मी मराठीत बोलायची आणि पोरं मला इंग्रजीत उत्तरं द्यायची, कुणाचं काही अडायचं नाही. सगळ्यात लाडकं घर मृणालिनीताईंचं. किल्लीच दिलेली मला. मग ते मंदीचं आलं. आधी ताईंनी पोळ्या कमी करायला सांगितल्या, मग खिचडी बंद, आणि दोन हजार नऊच्या फेब्रुवारीत एका सकाळी मी मेथीची जुडी घेऊन गेले तर वॉचमन म्हणाला, वो लोग गया. कुठं गया? इंडिया गया, गाडी एअरपोर्टपर छोडके गया. मी वर गेले. किल्ली होतीच. सगळं तसंच — पडदे, पोरांची चित्रं, आणि मोरीत रात्रीची भांडी. आणि मी काय केलं असेल साहेब? पदर खोचला आणि भांडी घासली. पुसून जागेवर लावली. ओटा धुतला. मग खाली उतरून किल्ली वॉचमनला दिली. घासून झाल्यावर डोक्यात आलं, की बाई, हे कुणासाठी केलंस? असली हुशारी आमची.

त्याच महिन्यात ह्यांची साईट बंद. हे मचाण बांधायच्या कामावर होते, बिल्डिंग चौथ्या मजल्यावर थांबली ती थांबलीच. ती बिल्डिंग ज्या लोकांची, त्यात अहमद अरबाबही होता. पैसा सगळा त्या काँक्रीटात अडकला तेव्हा त्याला बापाच्या मझऱ्याची आठवण झाली. कुणीतरी सांगितलं, त्याला एक जोडपं पाहिजे, बाई किचनला, माणूस खजुराला. आम्ही आलो. त्यानं दोघांचे व्हिसा करून घेतले. शंभर माणसं परत जात होती आणि आम्हाला दोघांना एका ठिकाणी काम, एक खोली, वर एसी. मी रोज झोपताना त्या एसीला नमस्कार करायची. भीतीनं हो. आज आहे, उद्या काढतील. ती भीती तुम्ही लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

मुरलीधर इथं आधीपासून. पन्नाशीचा, काटकुळा, बोलणं जरा तिरकं. त्यांच्या पठारावर चिप्सच्या कंपनीसाठी बटाटा लावतात म्हणे, कंपनीची माणसं येऊन असंच मिठाच्या पाण्यात घालून माल घेतात, तिथं शिकलेला. अरबाबनं अबूधाबीच्या एका हॉटेलवाल्याशी बोलून ठेवलं होतं, की फ्रेंच फ्राईजचा बटाटा आम्ही देतो, पहिला माल पसंत पडला तर दर वर्षी. दोन एकर लावला मुरलीधरनं. आणि त्याची शिस्त म्हणजे — युरिया द्यायचा तो सुरुवातीला, मोजून. कंद धरला की बंद. मग नुसतं पोटॅश, आणि तेही सल्फेटवालं, दुसरं नको, म्हणे इथल्या पाण्यात आधीच मीठ आहे, त्यात आणखी नको. मी म्हणायची, खत ते खत, त्यात सोवळंओवळं कसलं? आमच्याकडं कोकणात भाताला युरिया फेकला की चार दिवसांत शेत असं हिरवंगार, बघणाऱ्याची नजर लागावी. तो म्हणायचा, वहिनी, भात डोक्यावर पिकतो, बटाटा पोटात. मी म्हणायची, तुमचं तोंड पोटात गेलं तर बरं होईल. असं चालायचं आमचं.

त्या दिवाळीला भाऊबीजेला मी त्याला ओवाळलं. मला इथं भाऊ कुठला, त्याला बहीण कुठली. ताटात त्यानं तीस दिरहमचं टेलिफोन कार्ड टाकलं. तेव्हाचे पावणेचारशे रुपये होतात हो. आणि सोबत एक बेण्याचा बटाटा, अंकुर फुटलेला. म्हणाला, ही खरी ओवाळणी, मातीत पुरा. मी हसून हसून लोळले. कार्ड संपलं आठ दिवसांत. आईशी बोलले. बटाटा किचनच्या मागं लावला होता, त्याचं पुढं… ते जाऊ द्या.

जानेवारीत त्याच्या पोटात दुखायला लागलं. मुतखडा. रुवैसच्या हॉस्पिटलात नेला, वीस-एकवीस दिवस तिकडंच होता. जाताना गाडीत वाकडा होऊन बसलेला, तसाच मला हाक मारून म्हणाला, वहिनी, सकाळी तासभर ठिबक सोडा, बाकी कशाला हात लावू नका. आणि खताच्या खोलीची चावी… हं. चावी. असते ना चावी, खोलीला.

तर तो गेला आणि तीन-चार दिवसांत पाला पिवळा पडायला लागला. रोज थोडा थोडा. मला वाटलं, झालं, मेलं पीक. आणि शुक्रवारी अरबाब पाहुणे घेऊन आला दाखवायला, पांढऱ्या गाड्या, चार-पाच जण, आणि वावर असं पिवळं, मान टाकलेलं.  अरबाब फक्त गाडीत बसताना म्हणाला, इन्शाल्ला ठीक होगा. तुम्हाला ठाऊक आहे हो, इन्शाल्ला किती प्रकारचं असतं. हे अगदी शेवटच्या प्रकारचं होतं. मी रात्रभर त्या एसीकडं बघत पडले. म्हटलं, परत मोरीतली भांडी. मग पुढच्या शुक्रवारनंतर पाला आपोआप हिरवा झाला. होतं असं कधीकधी. मी नुसतं पाणी सोडत होते. सांगितलं होतं तेवढंच. ठिबकच्या टाकीतून जे काय जातं ते पाणीच की, आता टाकीत आधी काय होतं ते मी काय बघायला गेले नाही. आणि अर्ध्या पोत्यानं काही होईना म्हणून तर मग मी —

झालं. गेलं तोंडातून.

बघू नका तसं. लिहा हवं तर. आधी अर्धं पोतं टाकीत टाकलं. दोन दिवस वाट बघितली, काही दिसेना, म्हणून मग दीड. दोन पोती युरिया, दोन एकराला, ज्या वेळेला एक चिमूट नको होता त्या वेळेला. हातानं कालवला, थंडगार होतो हो पाण्यात, बोटं बधिर झाली, आणि मी खूश. आठव्या दिवशी शेंड्यांना नवी पालवी. दहाव्या दिवशी हिरवागार! मी बांधावरून अशी चालायची, जशी जहागीर माझीच. अरबाब आला, म्हणाला, माशाल्ला, कावेरी, किसने किया? मी म्हटलं, मैंने पानी दिया. लाजत म्हटलं. शाबासकी घ्यायला मी होते हो तेव्हा, पुढं उभी होते.

मला काय ठाऊक, की तो पाला मरत नव्हता, पिकत होता? तुम्हाला ठाऊक असेल, पुस्तकात असेल. मला ते मुरलीधरनं नंतर सांगितलं, तेही न रागावता. पाला म्हणजे चूल, म्हणाला, आणि कंद म्हणजे कणगी. चुलीवर शिजतं ते सगळं पाला म्हातारा होताना खाली कणगीत भरतो, त्याचं पीठ होतं. मग पाल्याचं काम संपतं, तो पिवळा पडतो. आणि तुम्ही त्याला युरिया पाजून परत तरणा केलात. तरणा काय करणार? स्वतःच खाणार, मिरवणार, कणगीत कशाला भरेल. खालचा बटाटा पाण्यानं फुगतो, पीठ धरत नाही, कच्ची साखर तशीच राहते. आणि साखर तेलात पडली की काय होतं ते तुम्हाला पाक जाळून ठाऊकच आहे, वहिनी.

तो हॉस्पिटलातून आला ती आठवण सांगू? गाडीतून उतरला, वावराकडं बघितलं. बरं वाटतंय का विचारायला मी पुढं गेले. त्यानं विचारलं, पाणी किती सोडलंत? मी म्हटलं, तासभर, सांगितलं तसंच. त्यानं एक झाड उपटलं, बटाटा बादलीत सोडला. मी बघतच होते. तरंगला. झाकण बसवल्यासारखा वर येऊन बसला. त्यानं तो हातात घेतला, पुसला, आणि खिशात घातला.  मी आत जाऊन कांदा चिरायला घेतला. कांदा फार सोयीचा असतो, रडलं तरी कुणी विचारत नाही.

काही म्हणाला असता तर भांडले असते मी. भांडणात मी कुणाला हार जात नाही. पण हा माणूस बोलेचना. अरबाबला तेवढं म्हणाला, महिनाभर थांबू, पाला वाळू दे. अरबाब म्हणाला, ट्रक ठरलाय, हॉटेलवाला येतोय, यल्ला, चला काढा. काढले. एकेक बटाटा असा, दोन हातात मावेना. सगळे माशाल्ला माशाल्ला. हॉटेलवाल्यानं मात्र आकार बघितला नाही. म्हणाला, तळून दाखवा. आणि तळायला कोण? किचनची बाई. मी.

त्या मोठ्या किचनमध्ये एका बाजूला अरबाब, एका बाजूला तो हॉटेलवाला, दाराशी मुरलीधर. मी कापले, पुसले, तेलात सोडले. आणि ते माझ्या डोळ्यांदेखत गुळासारखे लाल झाले, मग काळे. बाहेरून काळे, आतून लगदा. मी म्हटलं, तेल जुनं होतं. तेल बदललं. परत काळे. म्हटलं, आच मोठी झाली. आच कमी केली, तर तेल पिऊन मऊ पडले, उचलले की मान टाकायचे. तीन घाणे काढले मी. चौथा काढायला निघाले तर हॉटेलवाल्यानं हात धरल्यासारखं केलं, म्हणाला, बस करो, आंटी. गेला निघून. अरबाबनं लगेच खताची खोली मोजून घेतली, दोन पोती कमी भरली, तेव्हा त्यानं विचारलं, खाद किसने डाला? आवाज चढवला नाही. माझ्याकडं बघून विचारलं.

मी म्हटलं, "चावी मुरलीधर के पास रहती है."

खोटं आहे का यात? एक अक्षर खोटं नाही. राहायची की चावी त्याच्याकडंच. फक्त ते वीस दिवस नव्हती. ते वीस दिवस माझ्या मंगळसूत्राला बांधलेली होती, त्यानं दिलेली, गाडीतून, वाकडा होऊन. लोक मला चाव्या देतात हो. का देतात कोण जाणे, तोंडावरून मी विश्वासाची दिसत असणार. मुरलीधरनं माझ्याकडं बघितलं. एकदाच. मला वाटलं, आता हा सांगणार, आणि मी भांडणार, आणि आम्ही दोघं नवराबायको संध्याकाळच्या बसला. तो अरबाबला म्हणाला, "हां. मेरे पास रहती है." बस. तुमच्या फाईलीत ते बसलंय, लाल शाईनं.

जायच्या दिवशी किचनच्या दारात आला. मला वाटलं, आता शिव्या. मी लाटणं हातात घट्ट धरलेलं, म्हणजे माझी तयारी बघा. त्यानं बादली ठेवली, त्यात ही वाटी. म्हणाला, वहिनी, मीठ एक वाटी, पाणी अकरा. पुढच्या खेपेला पाल्याकडं बघू नका. आणि ते चुलीचं, कणगीचं सांगितलं, उभ्यानंच. मी म्हटलं, चहा टाकते. तो म्हणाला, गाडी थांबलीय. मी त्याला एवढंही विचारलं नाही, की भाऊ, तुम्ही का नाही बोललात? अजून विचारलं नाही. त्याचा नंबर आहे माझ्याकडं. दर भाऊबीजेला कार्ड आणते, आणि खरवडायचंच राहून जातं. आता दोन झालीत, त्या डब्यात आहेत, मिठाच्या शेजारी.

त्याचा किचनमागचा बटाटा? तो आला हो. त्याला कुणी काही घातलं नव्हतं. सगळे बुडाले.

आता तुम्ही म्हणाल, बाई, तोंडचं बोलणं ऑफिसात कोण मानणार. उठा. उठा हो खाटेवरून, चहा सांडेल. आता त्या गादीची शिवण बघा, त्या कडेला, दात लावला तर सुटेल. उसवा. आतलं पोतं दिसलं? छापलेलं वाचा, मला इंग्रजी येत नाही, पण तुम्हाला येतं. आणि खाली दुसरं. खोलीतल्या मोजणीत जी दोन पोती कमी भरली, ती ही. जाळायला निघाले होते, तर प्लास्टिकचा वास ह्यांना येईल म्हणून राहिले. पुरायला गेले, तर वारा वाळू उडवतो, आठ दिवसांत वर. म्हणून गादी केली. दोन वर्षं नवराबायको त्याच्यावर झोपतोय. हे म्हणतात, कावेरे, ही गादी बोलते गं. मी म्हणते, झोपा, तुम्हाला भास होतात. ह्यांना यातलं काही ठाऊक नाही. हे दोन वर्षं मुरलीधरला शिव्या घालतात, चांगल्या घरचं पीक घालवलंन म्हणतात, आणि मी वाढते त्यांना जेवायला, वर म्हणते, जाऊ द्या, चुकतो माणूस. केवढं माझं मोठं मन.

न्या ती दोन्ही. फाईलीत बसणार नाहीत, बोचक्यात न्या. अरबाबला माझं नाव सांगा. गोड करून सांगू नका, मला गोडाचं काय होतं ते दिसलंय. काढलं तर काढलं. पोळ्या लाटणाऱ्या बाईला जगात कुठंही — नाही, तेही खोटंच. भीती वाटते मला. आत्ताही वाटतेय. पण पुढच्या वर्षी हे वावर तुमच्या भरवशावर लागलं ना साहेब, तर परत मला तळायला उभं करतील, आणि ते मला जमायचं नाही. तो माणूस आणा.

गाडी आली. आमच्या ह्यांची आहे, खजुराकडून. आता तुम्ही निघा. ह्यांना तुम्ही काही बोलायचं नाही, ते माझं काम, मी सांगते, आज जेवायच्या आधी सांगते. मागच्या दारानं जा. चहा राहिला तर राहू द्या. आणि बादलीतले ते दोन बुडालेले तेवढे काढून न्या अरबाबला दाखवायला. तरंगलेले चार ठेवा इथंच, ह्यांना दाखवायला. ठेवा म्हणतेय ना. यल्ला, निघा.